समुद्राचे चित्र जागेवरच रंगवणे अवघड का?

किनाऱ्यावर बसून समुद्र रंगवताना प्रकाश काही मिनिटांत बदलतो आणि साधारण सहा तासांत ओहोटीची भरती होते.

उपाय काय?

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने एकाच दृश्याचे अनेक कॅनव्हास सोबत नेत. प्रकाश बदलला की दुसरा कॅनव्हास घेत.

धोका किती?

नोव्हेंबर १८८५मध्ये फ्रान्समधील एत्रता येथे कड्याखाली रंगवताना त्यांचा भरतीच्या वेळेचा अंदाज चुकला. लाटेने त्यांना कड्यावर आपटले. रंगसाहित्य आणि चित्र गेले. जीव मात्र वाचला.

पुरावा काय?

१८७०मध्ये त्रुव्हिलच्या किनाऱ्यावर त्यांनी काढलेले चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. वाऱ्याने उडालेले वाळूचे कण त्याच्या रंगात आजही अडकलेले आहेत.