एकविशीच्या आत

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीला जाणाऱ्या मुलाच्या फाइलमधला सगळ्यात वजनदार कागद म्हणजे जन्मदाखला. आई न्यू जर्सीत, मुलगा नाशिकला आजीकडे, अशा घरांत ग्रीन कार्डाची तयारी याच कागदापासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच अडते. इस्पितळाने जन्म कळवला, पण बाळाचं नाव ठरलं नव्हतं म्हणून नावाचा रकाना कोरा. मग आजोबा पालिकेत खेटे घालून नाव चढवून आणतात. नोंदच सापडत नसेल, तर तसा दाखला घ्यायचा आणि जोडीला जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं.

अर्ज भरतात ते अमेरिकेतले आई किंवा वडील; फॉर्म आय-१३०. आईला तिचं नाव असलेला जन्मदाखला बहुधा पुरतो. वडिलांना शक्यतो विवाहाचा दाखलाही जोडावा लागतो.

इथून पुढे सगळा खेळ वयाचा. कायद्याच्या लेखी ‘मूल’ म्हणजे अविवाहित आणि २१ वर्षांखालचं. आई अमेरिकेची नागरिक असेल तर अर्ज दाखल झाला त्या दिवशीच मुलाचं वय गोठतं, आणि या गटाला वार्षिक कोटाही नाही. आईकडे फक्त ग्रीन कार्ड असेल तर मूल एफ२ए या रांगेत उभं राहतं. रांग कुठवर सरकली, हे परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये पाहायचं.

रांगेतच एकविशी उलटली तर? ऑगस्ट २००२मध्ये झालेल्या बालक दर्जा संरक्षण कायद्याने त्यासाठी वजाबाकी दिली आहे. समजा, नंबर लागला तेव्हा मुलगी २१ वर्षं ४ महिन्यांची आहे आणि अर्ज मंजूर व्हायला ९ महिने लागले होते. ते वजा केले की ती कायद्यापुरती २० वर्षं ७ महिन्यांची. मात्र नंबर लागल्यापासून वर्षभरात तिने पुढची हालचाल करायला हवी. अर्ज दोन महिन्यांत मंजूर झाला असता, तर तीच मुलगी एफ२बी या काही वर्षं मागे असलेल्या रांगेत गेली असती. सरकारी दिरंगाई अशीही कामी येते.

लग्नाला मात्र वजाबाकी नाही. ग्रीन कार्डधारकाच्या मुलीने मधेच लग्न केलं की अर्ज आपोआप रद्द होतो, कारण अशा विवाहित मुलांसाठी रांगच नाही. नागरिकांच्या विवाहित मुलांसाठी आहे, पण भारतीयांना तिथे दशकाहून जास्त थांबावं लागतं. म्हणून स्थळं पाहण्याआधी घरातली वडीलधारी मंडळी वकिलाला फोन लावतात.

नंबर लागल्यावर आय-८६४ येतो: कुटुंबाचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यमर्यादेच्या किमान १२५ टक्के आहे, याची पालकाने दिलेली हमी. इकडे सोळा वर्षांवरच्यांना पोलिसांचा दाखला, आणि सगळ्यांनाच वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी व लशी.

विमानतळावर शिक्का बसला की पासपोर्टमधला व्हिसा वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतो. प्लॅस्टिकचं कार्ड मागाहून टपालाने घरी येतं. मूल अठराच्या आतलं असेल आणि नागरिक आईच्या ताब्यात तिच्याजवळ राहायला आलेलं असेल, तर ते त्या प्रवेशाबरोबरच अमेरिकी नागरिकही होतं.