कुरणाची गोष्ट (७) : एकच नत्र, दोन कुरणं

द्विदल वनस्पतींवर या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे, कारण वाईकडच्या एका वाचकांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. घरच्या गवताच्या रानात त्यांनी काही पावसाळे युरिया टाकला. गवत कमरेला लागलं, पेंढ्या वाढल्या. पण भाद्रपदात तिथे फुलणारी सोनकी आणि तेरडा जवळजवळ दिसेनासे झाले. ते विचारतात, "युरियानं झाडं मारली म्हणावं, तर गवत कसं माजलं?"

त्या रोपांना उजेड मिळाला नाही. नत्र तुटपुंजा असतो तेव्हा कुणीच फार उंच जात नाही आणि ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं. जमिनीखाली मुळं नत्रासाठी झगडतात, पण त्या झगड्यात लहान रोपालाही आपल्या मुळांच्या मानानं वाटा मिळतो. उजेडाचा व्यवहार एकतर्फी असतो. वरचं पान खालच्याचं ऊन अडवतं, खालचं पान वरच्याचं काहीच अडवू शकत नाही. खत पडलं की उंच जाती आधी उसळतात आणि बुटक्या त्यांच्या सावलीत सापडतात. झुरिकमध्ये यान ओटिए आणि सहकाऱ्यांनी याची सरळ परीक्षा घेतली. खत दिलेल्या गवताच्या बुडाशी त्यांनी दिवे लावले. खत तेवढंच, गवत तसंच दाट, पण खाली उजेड पोचताच जाती टिकल्या. २००९ साली 'सायन्स'मध्ये आलेला हा प्रयोग मला फार आवडतो, कारण खतानं जाती का जातात, या अनेक वर्षांच्या वादाला त्यानं थेट हात घातला.

पण सगळा दोष सावलीवर टाकून मोकळं होता येत नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या पार्क ग्रास या कुरणातले दोन तुकडे मध्ये येतात. १८५६ मध्ये लॉज आणि गिल्बर्ट यांनी खतांच्या प्रयोगासाठी ते तुकड्यातुकड्यांत आखलं. नऊ आणि चौदा क्रमांकाच्या तुकड्यांना दरवर्षी हेक्टरी ९६ किलो नत्र मिळतो, जोडीला स्फुरद, पालाश वगैरेही. फरक एवढाच की नवव्याला नत्र अमोनियम सल्फेटमधून जातो आणि चौदाव्याला सोडियम नायट्रेटमधून. चुना न दिलेल्या भागात नवव्यावर जातींची संख्या हाताच्या बोटांवर येते आणि अँथोझँथम नावाच्या गवताचं जवळजवळ एकट्याचं राज्य असतं. चौदाव्यावर उंच गवतं आहेत, बिनखताच्या तुकड्यांपेक्षा जातीही कमी आहेत, तरी ते कुरण ओळखू येतं.

कारण जमिनीच्या सामूत आहे. अमोनियमचं नायट्रेट करताना जिवाणू आम्ल सोडतात, अमोनियम शोषताना मुळंही सोडतात. नायट्रेट शोषताना मात्र उलट घडतं. दीडशेहून अधिक वर्षं हे साचत गेलं, आणि नवव्या तुकड्याचा सामू चारच्याही खाली उतरला. इतक्या आम्लात मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळांना विषारी होतं. गांडुळं उरत नाहीत. मेलेलं गवत कुजत नाही, त्याची गादीच साचते. बी पडलं तरी मातीला टेकत नाही.

सावली किती आणि आम्ल किती, हे वेगळं करायची सोय तिथेच आहे. १९०३ पासून बऱ्याच तुकड्यांच्या काही भागाला चुना देतात. नवव्यालाही नत्र तेवढाच ठेवून चुना दिला, तिथे बऱ्याच जाती दिसतात. पण बिनखताच्या तुकड्यांवरच्या पस्तीस-चाळीस काही होत नाहीत. जी तूट उरते, ती मी मुख्यतः सावलीच्या खात्यावर मांडतो.

त्या अँथोझँथमबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाळत घातलेल्या वैरणीला गोड वास आणणारं हे युरोपातलं गवत. स्नेडन आणि डेव्हिस यांनी १९७०च्या दशकात दाखवलं की शेजारशेजारच्या तुकड्यांवरची त्याची रोपं आता आनुवंशिकदृष्ट्या वेगळी झाली आहेत. आम्ल तुकड्यावरची आम्ल सोसतात, चुन्याच्या तुकड्यावरची त्यात खुरटतात. मध्ये भिंत नाही, कुंपण नाही, परागकण वाऱ्यावर इकडून तिकडे जातात, तरी काही पावलांवर हा फरक टिकतो. खताच्या एका पोत्यानं जाती हाकलल्या हे आपण नेहमी म्हणतो. जी उरली तिलाही त्यानं बदललं, हे मला जास्त थक्क करतं.

आता वाईच्या रानाकडे. युरियाही शेवटी जमीन आम्लाकडे नेतो, पण अमोनियम सल्फेटच्या मानानं खूपच कमी. काही पावसाळ्यांत सोनकी जायला एवढं आम्ल पुरणार नाही, सावली मात्र सहज पुरते. म्हणून माझं सांगणं असं : रानाचा एक कोपरा युरियाविना सोडा. तिथलं गवत कापून जागेवर कुजू देऊ नका, बाहेर न्या; पेंढीबरोबर नत्रही जातो. तेरडा एका वर्षाचा, तो बियांवरच जगतो. शेजारी बी धरणारी झाडं उरली असतील तर ती जपा.

परत यायला किती काळ लागतो? पार्क ग्रासमध्ये १९८९ नंतर काही तुकड्यांच्या अर्ध्या भागाचा नत्र बंद केला. तिथे काय झालं, ते पुढच्या आठवड्यात. द्विदलही त्यातच येतील, कारण नत्र थांबल्यावर पहिली हालचाल त्यांच्यातच दिसते.