एमएसच्या रुग्णाची ताकद दुपारी कुठे जाते?

"डॉक्टर, सकाळी मी चालत नाक्यापर्यंत जाऊन भाजी आणते. दुपारी मात्र ओट्यापाशी पाच मिनिटंही उभं राहवत नाही. आजार वाढला का?"

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजेच एमएसचे रुग्ण माझ्या आगाशीच्या दवाखान्यात मोजकेच येतात. मुख्य उपचार न्यूरॉलॉजिस्टचे असतात. ताप, अशक्तपणा, लघवीचा त्रास अशा कारणांसाठी ते माझ्याकडे येतात. पण वरचा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी विचारला आहे, आणि तोही बहुतेक वेळा एप्रिल-मेमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरील मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. वायरवरचे प्लास्टिक सोलले जावे, तसे हे आवरण जागोजागी खराब होते आणि संदेश हळू जातात किंवा मध्येच अडतात. एमआरआयमध्ये दिसणारे डाग ते हेच. घरचे लोक हे डाग मोजत बसतात. पण रुग्ण आज किती चालेल, किती वेळ काम करेल, हे फक्त डागांवर ठरत नाही. उष्णता, थकवा, स्नायूंचा ताठरपणा, व्यायामाचा अभाव, लघवीतला जंतुसंसर्ग, रक्त कमी असणे या शारीरिक गोष्टींचा त्यात मोठा वाटा असतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय करता येतात.

उष्णता

1890 साली उटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी नोंदवले की काही रुग्णांची नजर श्रम केल्यावर धूसर होते आणि विश्रांतीनंतर पुन्हा सुधारते. यामागचे खरे कारण शरीराचे तापमान वाढणे हे आहे, हे पुढे लक्षात आले. आवरण गेलेल्या नसेतून संदेश कसाबसा जात असतो. शरीर अर्धा अंश सेल्सियसने तापले तरी तो अडू शकतो. मग पाय जड होतात, तोल जातो, नजर अंधुक होते. शरीर थंड झाले की संदेश परत जाऊ लागतो. एमआरआय नव्हता त्या काळात निदानासाठी संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे वाढतात का, हे पाहत असत.

म्हणजे उन्हामुळे झालेला हा त्रास नवीन इजा नसते. हे समजणे फार महत्त्वाचे आहे, कारण घाबरून अनेक जण लगेच स्टेरॉइडची सलाइन लावून घ्यायला निघतात. आजाराचा खरा झटका, ज्याला रिलॅप्स म्हणतात, त्यात नवे किंवा स्पष्टपणे वाढलेले लक्षण किमान 24 तास टिकते, आणि त्या वेळी ताप किंवा जंतुसंसर्ग नसतो. थंडाव्यात तास-दोन तास बसल्यावर पाय पूर्ववत चालू लागले, तर तो रिलॅप्स नव्हे.

आपल्याकडे अडचण अशी की समुद्र जवळ असल्याने हवा दमट. घाम येतो, पण सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. विदर्भात चालणारा पाण्याचा कूलर वसई-विरारच्या हवेत फारसा उपयोगी पडत नाही, तो ओलावाच वाढवतो. त्यापेक्षा बाहेर पडण्यापूर्वी आणि व्यायामाआधी थंडगार पाणी पिणे, मानेवर गार पाण्याचा ओला पंचा ठेवून पंख्याखाली बसणे, साध्या पाण्याने अंघोळ करणे हे उपाय बरे. स्वयंपाक सकाळी लवकर उरका, आणि पोळ्या स्टुलावर बसून लाटा. कडकडीत पाण्याची अंघोळ टाळा. दिवाळीत तेल लावून गरम पाण्याने अभ्यंगस्नान केल्यावर न्हाणीघरातून उठताच येत नाही, असे होऊ शकते. ओल्या फरशीवर पडलात तर हाड मोडायचे.

अचानक ताकद गेली तर आधी लघवी तपासा

काही वर्षांपूर्वी एका रुग्णाचे पाय दोन दिवसांत गळाले. मी रिलॅप्स समजून त्यांना थेट मुंबईला पाठवले. तिथे लघवी तपासली, तर जंतुसंसर्ग निघाला, आणि अँटिबायोटिकने पाय पूर्वीसारखे झाले. तेव्हापासून अशा रुग्णाची लघवी मी पहिल्याच दिवशी तपासतो. एमएसमध्ये मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, म्हणून संसर्ग सहज होतो. जळजळ किंवा ताप नसतानाही तो असू शकतो.

लोकलने प्रवास करणारे रुग्ण वाटेत लघवी लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. त्याने संसर्ग आणि बद्धकोष्ठता वाढते. दिवसभर थोडे थोडे पाणी प्या; फक्त निघण्याच्या तास-दीड तास आधी कमी करा. वारंवार लघवी लागत असेल तर त्यावर औषधे आहेत. संकोच न करता सांगा.

थकवा म्हणजे आळस नव्हे

चारपैकी साधारण तीन रुग्णांना एमएसचा थकवा जाणवतो. रात्री झोप होऊनही सकाळी अंगात त्राण नसते. बाहेरून काहीच दिसत नसल्याने सासरी, ऑफिसात टोमणे ऐकावे लागतात. घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे की हा थकवा आजाराचाच भाग आहे.

पण प्रत्येक थकवा एमएसवर ढकलू नये. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी 12 आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्त कमी असणे आणि शाकाहारी लोकांत बी 12 कमी असणे नेहमीचेच आहे. रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागते का, मन उदास आहे का, झोप आणणारी गोळी चालू आहे का, हेही मी विचारतो.

ताठरपणा आणि लोंबते पाऊल

पाय ताठ होतात, रात्री पेटके येतात. त्यासाठी बॅक्लोफेनसारखी गोळी देतात. गंमत अशी की काही रुग्ण त्या ताठ पायाच्याच आधाराने उभे असतात. डोस जास्त झाला तर पाय ढिले पडतात आणि माणूस बसतो. म्हणून डोस हळूहळू वाढवतात. ही गोळी एकदम बंद करणे धोक्याचे आहे, स्ट्रिप संपायच्या आधीच नवी आणा. पुढचे पाऊल उचलले जात नसेल तर घोट्याचा स्प्लिंट मिळतो. सैल स्लिपर सोडून मागे पट्टा असलेली सँडल घाला. काठी घेण्यात कमीपणा मानू नका.

विश्रांती किती, व्यायाम किती

पूर्वी रुग्णाला व्यायाम करू नका, असेच सांगत. त्यातून नुकसान झाले. न वापरलेले स्नायू वेगळेच अशक्त होतात, आणि एमएसची कमजोरी किती व बसून राहण्याची किती, हे कळेनासे होते. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांना आठवड्यातून दोनदा सुमारे 30 मिनिटे चालणे किंवा सायकलिंग, आणि दोनदा स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम सुचवले जातात. एका दमात 30 मिनिटे जमत नसतील तर दहा-दहाचे तीन भाग करा. सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावी. पहाटे अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर फिरायला जावेसे वाटते, पण तोल जात असेल तर मऊ वाळूपेक्षा सपाट रस्ता बरा. व्यायामानंतर अंग तापून थोडा वेळ नजर धूसर झाली तरी तो बंद करू नका. वेळ आणि वेग कमी करा.

न्यूरॉलॉजिस्टकडे 25 फूट, म्हणजे साधारण साडेसात मीटर, चालायला किती सेकंद लागतात हे पाहतात. घरीही व्हरांड्यात तेवढे अंतर आखून आठवड्यातून एकदा, सकाळी आणि दुपारी, वेळ लिहून ठेवा. दुपारीच वेळ वाढत असेल तर उष्णता आणि थकव्याकडे लक्ष द्या. सकाळची वेळही महिन्यागणिक वाढत चालली असेल तर ती वही घेऊन तज्ज्ञांना दाखवा. चालण्याचा वेग सुधारणारी एक गोळीही आहे, पण फिट येणाऱ्यांना आणि किडनीचा त्रास असणाऱ्यांना ती चालत नाही, म्हणून स्वतःहून घेऊ नका.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी तपासणीला जाताना ही वही आणि फिजिओथेरपिस्टच्या नोंदीही सोबत न्या, कारण थंड खोलीत सकाळी दहाला तपासलेला रुग्ण बराच धडधाकट दिसू शकतो. 1985 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाकडेही रुग्ण आणि नातेवाइकांना माहिती आणि आधार मिळतो.

एका डोळ्याची नजर कमी होणे, नवा बधिरपणा, लघवी अडणे किंवा पायांची ताकद जाणे यांपैकी काही 24 तासांहून जास्त टिकले, तर न्यूरॉलॉजिस्टला फोन करा. लघवी पूर्णच अडली, गिळताना ठसका लागू लागला किंवा श्वासाला त्रास झाला, तर 24 तास थांबू नका, त्याच वेळी रुग्णालय गाठा.