फावाचा मऊ भात आणि एक रक्ततपासणी

हॉटेल मॅनेजमेंट शिकणाऱ्या वस्तीतल्या एका मुलीने परवा विचारलं, "ताई, आम्हाला फावा घालून रिसोत्तो शिकवला. घरी केला तर धाकट्याला चालेल ना?" मी उलट विचारलं, "त्याची जी-६-पीडी तपासणी झालीय का?" ती गोंधळली. म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते.

रिसोत्तो हा उत्तर इटलीतला भात. तिथे पो नदीच्या खोऱ्यात आर्बोरियो, कार्नारोली असे जाड दाण्याचे तांदूळ पिकतात. भात सायीसारखा दिसतो, पण त्यात साय नसते. तो मऊपणा तांदळाच्या पिठूळपणातून येतो, म्हणून हा तांदूळ धूत नाहीत.

चौघांसाठी ३०० ग्रॅम तांदूळ घ्या. बारीक कांदा तेला-लोण्यात मऊ करून त्यात तांदूळ दोन मिनिटं परता. इटलीत इथे वाइन घालतात. ती वगळली तरी भात बिघडत नाही. मग भाज्या उकळलेलं गरम पाणी, साधारण सव्वा लिटर, पळीपळीने घालत ढवळा. १८ ते २० मिनिटांत दाणा शिजतो. शेवटी गॅस बंद करून लोणी आणि किसलेलं चीज घाला.

फावा तिकडे वसंतात येतो. रोममध्ये १ मे रोजी कोवळा फावा मेंढीच्या दुधाच्या चीजबरोबर कच्चाच खातात. भातासाठी मात्र शेंगा सोलून दाणे दोन मिनिटं उकळतात, वरची जाड साल काढतात आणि भात होत आला की घालतात. तांदळात जे प्रथिन कमी, ते कडधान्यात भरपूर. आपल्या वरण-भाताचं, खिचडीचं गणितही हेच.

आता धोक्याचं. काहींच्या रक्तपेशींत जी-६-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. फाव्यातल्या काही द्रव्यांमुळे अशांच्या लाल पेशी फुटतात. खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, अंग पांढरं पडतं, धाप लागते. दाणे शिजवल्याने हा धोका जात नाही. इटलीच्या सार्डिनिया बेटावर हा त्रास फार जुना. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे ही कमतरता जास्त आढळते, कारण ती मलेरियापासून थोडं संरक्षण देते. आपल्या देशातही ती अनेक समाजांत आहे.

ही कमतरता मुलग्याला आईकडून मिळते. त्रास मुलग्यांना जास्त, पण मुलींनाही होऊ शकतो. म्हणून कुणी आईला बोल लावू नये. रक्ताची जात आपण निवडत नाही.

लक्षात ठेवा:

• फावा म्हणजे हिंदीतला बाकला. वाल, पावटा, घेवडा ही वेगळी पिकं आहेत. बाकल्याचे तळलेले खारे दाणेही मिळतात. पाकीट वाचून घ्या.

• सिकलसेलची तपासणी केली म्हणजे ही झाली असं नाही. दोन्ही वेगळ्या.

• कमतरता असेल तर मलेरियाचं प्रायमाक्विन घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. कपड्यांतल्या डांबर गोळ्याही बाळापासून लांब ठेवा.

• वरची लक्षणं दिसली तर घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा आणि काय खाल्लं ते सांगा. त्रास चालू असताना तपासणी कधी नॉर्मल येते. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करा.

त्या मुलीला मी सांगितलं, तपासणी होईपर्यंत मटार घाल. व्हेनिसकडे तांदूळ-मटाराचा असाच मऊ भात करतात, त्याला 'रिझी ए बिझी' म्हणतात. धाकटा पोटभर खाईल आणि तूही निर्धास्त राहशील.