अतागोचे रूळ

जपानच्या रेल्वेचं वेड असलेली माणसं बहुधा शिंकान्सेनपाशी रमतात. मला वर्षानुवर्षं ओढ आहे ती डोंगर चढणाऱ्या केबल रेल्वेची. वणीच्या गडावर ट्रॉलीतून गेलेल्यांना तिची रचना सांगायला नको. एका पोलादी दोराला दोन डबे, एक उतरतो तसा दुसरा चढतो आणि मध्यावर दोघं एकमेकांना ओलांडतात. मोटरला ओढायचा असतो तो मुख्यतः दोन्हीकडच्या वजनातला फरक.

जपानमध्ये हे पहिल्यांदा घडलं 29 ऑगस्ट 1918 रोजी, नारा प्रांतातल्या इकोमा डोंगरावर, होझान-जी मंदिराच्या भाविकांसाठी. मग हाकोने, त्सुकुबा, माया, हिएई, ताकाओ अशी रांगच लागली. ताकाओचा चढ 31 अंशांहून तीव्र, देशात सर्वांत खडा. हा इतिहास पर्यटनपुस्तिकांत सापडतो. त्यात सहसा नसतं ते 1944 साल.

महायुद्धात लोखंड कमी पडू लागलं, तेव्हा सरकारनं अनावश्यक आणि बिनतातडीचे रेल्वेमार्ग निवडायला घेतले. देवळांच्या आणि सहलींच्या डोंगरांवरचे केबलमार्ग त्यात सहज सापडले. त्यांतला सर्वांत मोठा बळी क्योतोजवळच्या अतागो डोंगरावरचा मार्ग.

अतागो ही आगीपासून राखणारी देवता. तिच्या नावाची चिठ्ठी क्योतोच्या स्वयंपाकघरांत आजही चिकटवलेली असते. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तिच्या देवळात नेलं, तर जन्मभर त्याला आगीचं भय नाही, अशी श्रद्धा. 31 जुलैच्या रात्री डोंगर चढला, तर हजार दिवसांच्या यात्रेचं पुण्य पदरी पडतं. देऊळ मात्र 924 मीटर उंच माथ्यावर. पाठुंगळीला मूल घेऊन किंवा उतारवयात एवढं चढणं सोपं नव्हे.

1929 मध्ये अतागोयामा रेल्वेनं ही अडचण दूर केली. आराशियामापासून कियोताकीपर्यंत विजेची गाडी आणि तिथून पुढे दोन किलोमीटरहून लांब केबलमार्ग. वाटेत सहा बोगदे, एकूण चढण 638 मीटर. पूर्वेकडच्या देशांत याहून मोठा नाही, असा त्याचा लौकिक होता. वर हॉटेल आलं, बर्फावर घसरायचं मैदान आलं. जेमतेम पंधरा वर्षांत, 1944 मध्ये सगळं बंद झालं आणि रूळ उखडून नेले. खालच्या मार्गाच्या बोगद्यात तर विमानांचे सुटे भाग बनू लागले.

शेजारच्या हिएई डोंगराची कथा उलटी. तिथला 2025 मीटरचा साकामोतो मार्ग देशात सर्वांत लांब. 1945 मध्ये तो नौदलानं ताब्यात घेतला. माथ्यावरून ओका ही आत्मघातकी विमानं सोडण्याचा तळ उभारायचा होता आणि सामान वर न्यायला डोंगराची गाडी हवी होती. शरणागतीपर्यंत तिथून एकही विमान उडालं नाही. रूळ मात्र जागच्या जागी राहिले आणि 1946 मध्ये डोंगरावरच्या एन्र्याकु-जी मंदिराचे भाविक पुन्हा डब्यांत बसले. इकोमाच्या माथ्यावरचा 1929 चा पोलादी फिरता मनोराही असाच वाचला, कारण शत्रूच्या विमानांवर नजर ठेवायला सैन्याला तो उपयोगी पडला. मुलं आजही त्यात बसून घिरट्या घेतात.

ही तीन ठिकाणं शेजारी-शेजारी ठेवली की हिशेब उघडा पडतो. जे युद्धाच्या कामाचं होतं ते टिकलं, जे फक्त माणसांच्या सोयीचं होतं ते भंगारात गेलं. ताकाओची गाडी 1949 मध्ये परतली, त्सुकुबाची 1954 मध्ये, मायाची 1955 मध्ये. अतागोची आणि इसेजवळच्या आसामा डोंगराची कधीच परतली नाही. अतागोच्या वरच्या स्थानकाची काँक्रीटची इमारत आज रानात पडझड सोसते आहे. भाविक पूर्वीसारखेच पायी चढतात आणि ज्यांना चढवत नाही ते खालीच राहतात. त्यांच्यासाठी ही गाडी तेव्हाही अनावश्यक नव्हती. तिच्यावर तो शिक्का मारणाऱ्यांनी अन्यायच केला, असं मला ठामपणे वाटतं.

क्योतोला जाल तेव्हा हिएईच्या गाडीत जरूर बसा, पण एक दिवस कियोताकीसाठीही ठेवा. तिथे जाणारी बस विजेच्या गाडीच्या त्याच जुन्या बोगद्यातून जाते. तो एकपदरी आहे, त्यामुळे सिग्नल मिळेपर्यंत तोंडाशी थांबावं लागतं. पुढे केबलच्या पडक्या बोगद्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. यात्रेकरूंची पायवाट धरा.