डोंगरातले तळे आणि मूळचा मासा

काश्मीरची सहल करून आलेली मंडळी तिथल्या थंड ओढ्यांतल्या ट्राउट माशाचे वर्णन मोठ्या हौसेने करतात. पण हा मासा मूळ काश्मीरचा नव्हे. साहेबाने त्याची अंडी विलायतेहून आणविली आणि १९०० सालापासून तो काश्मिरात वाढू लागला. निलगिरीतला ट्राउटही असाच बाहेरून आलेला. साहेब जिथे गेला तिथे आपल्या करमणुकीची सोय बरोबर घेऊन गेला. मग ज्या मुलखात ट्राउट मूळचाच आहे, तिथे त्याची काय गत झाली? अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याची हकीकत या बाबतीत पाहण्यासारखी आहे.

तिथे रॉकी पर्वताच्या ओढ्यांत कटथ्रोट नावाचा ट्राउट राहतो. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाल रेघ असते, जणू गळ्यावरून सुरी फिरली आहे. त्यावरून हे नाव पडले. मधल्या डोंगरांमुळे एका खोऱ्यातला मासा दुसऱ्या खोऱ्यात जाऊ शकत नाही. त्यामुळे खोऱ्याखोऱ्यांतून त्याच्या वेगवेगळ्या पोटजाती झाल्या. साउथ प्लॅट नदीच्या खोऱ्यातली पोटजात ती ग्रीनबॅक, म्हणजे हिरव्या पाठीची.

१८५८-५९ साली त्या मुलखात सोने सापडले आणि माणसांची रीघ लागली. खाणींच्या वस्त्यांना खायला मासा हवा, तो बेसुमार पकडला गेला. खाणींची घाण ओढ्यांत गेली, जंगल तुटले, पाणी पाटांनी शेतीकडे वळले. मासे कमी झाले तेव्हा अमेरिकेच्या पूर्व भागातला ब्रुक, पश्चिम किनाऱ्याचा रेनबो आणि युरोपातला ब्राउन असे तीन परके ट्राउट आणून सोडण्यात आले. ब्रुकने मूळच्या माशाचे अन्न आणि जागा बळकावली, रेनबोशी त्याचा संकर होऊ लागला. १९३७ सालापर्यंत ग्रीनबॅक नामशेष झाला, असे जाणकारांनी ठरविले.

पुढे १९५० नंतर डोंगरातल्या काही ओढ्यांत तो पुन्हा सापडल्यासारखे वाटले. त्याची पैदास करून ठिकठिकाणी तो सोडण्यात आला. १९९४ साली तो कोलोरॅडोचा राज्य-मासाही झाला. पण २०१२ साली शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातले, संग्रहालयांच्या बरण्यांत जपलेले मासे काढून त्यांची आनुवंशिक तपासणी केली, तेव्हा निराळेच निघाले. इतकी वर्षे जतन केलेले बहुतेक मासे ग्रीनबॅक नव्हतेच! गिरणीत हजेरीपटावर नाव एकाचे आणि साच्यावर उभा दुसराच, असा प्रकार आपल्याला नवा नाही. तोच तिथे झाला होता. खरा ग्रीनबॅक उरला होता तो कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहराजवळच्या बेअर क्रीक या एका ओढ्यात, चारएक मैलांच्या पट्ट्यात. हा ओढा त्याच्या मूळच्या खोऱ्यातलाही नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका हॉटेलवाल्याने गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी तिथे मासे सोडले होते. ज्या उपद्व्यापाने जात बुडाली, त्याच उपद्व्यापाने तिचे बीजही राखले.

बेअर क्रीकचे बीज घेऊन पैदास केंद्रांत मासे वाढविले, आणि २०१४ साली ते झिमरमन या तळ्यात सोडले. हे तळे कॅमेरॉन खिंडीजवळ सुमारे साडेदहा हजार फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. मोटारीच्या रस्त्यापासून पायवाट सव्वा मैलाच्या आसपास. अंतर थोडे, पण हवा विरळ, म्हणून सावकाश चढावे. उन्हाळ्यात दुपारी विजांचा पाऊस येतो, तेव्हा पहाटे निघून दुपारच्या आत उतरणे शहाणपणाचे.

तिथे मासेमारी करायची ती कृत्रिम आमिषाने, आणि ग्रीनबॅक लागला तर लगेच सोडून द्यायचा, असा नियम आहे. जाणते लोक गळावर पिसे, केस व दोरा बांधून माशीचा आकार करतात. अशी माशी अगदी हलकी असते. वजन असते ते दोरीत. काठी मागेपुढे झुलवून दोरी हवेत उलगडत नेली, की माशी अलगद पाण्यावर उतरते. ओढ्यातला ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी उभा राहतो. तळ्यातला काठाकाठाने फिरत किडे शोधतो. म्हणून तळ्यावर उभे राहून आधी त्याची वाट पाहावी आणि माशी त्याच्या पुढे टाकावी. ओढा तळ्याला मिळतो ती जागा, किंवा उथळ संपून खोल सुरू होते ती कड, या चांगल्या जागा. गांडूळ मासा पोटात खोल गिळतो आणि सुटला तरी बहुधा मरतो. माशीचा गळ ओठात अडकतो. गळाला उलटा काटा नसला तर तो सहज निघतो. हात ओले करूनच माशाला धरावे, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो.

कोणी म्हणेल, पकडून सोडायचेच तर एवढा खटाटोप कशाला? अमेरिकेत १९५० सालच्या कायद्याने मासेमारीच्या काठ्या, गळ वगैरे सामानावरचा कर राज्यांना मासे व त्यांचे पाणी सांभाळण्यासाठी दिला जातो. परवान्याची फीही त्याच कामी येते. म्हणजे हौशी माणूस माशाच्या नावाने वर्गणीच भरतो. शिवाय हर्मन गल्च या ओढ्यात सोडायचे मासे स्वयंसेवकांनी पाण्याच्या पिशव्यांत घालून, पाठीवर वाहून डोंगर चढविले. २०२२ साली तिथे ग्रीनबॅकची नैसर्गिक वीण होत असल्याचे जाहीर झाले.

सार्वजनिक मालमत्ता सगळ्यांची म्हणून ओरबाडली, की कोणाचीच उरत नाही. ती टिकवायला नियम लागतो, वर्गणी लागते, खरी हजेरी लागते आणि ओझे उचलणारी पाठ लागते. मग साध्या परवान्यावर कोणालाही त्या तळ्यावर जाता येते, आणि आज सोडलेला मासा उद्या येणाऱ्याच्या वाट्याला राहतो.