गॅलन नेमका कोणता?

एक गॅलन म्हणजे साडेचार लिटर, हे जुन्या पिढीला तोंडपाठ असते. ते बरोबरच आहे, पण ब्रिटिश गॅलनपुरते. इंग्रजी अमदानीत भारतात तोच गॅलन चालत असल्याने हा हिशेब अंगवळणी पडला. अमेरिकी गॅलन मात्र ३.७८५ लिटरचा असतो.

अमेरिकेने मूळ माप लहान केले, असे अनेकांना वाटते. घडले ते उलटे. २३१ घन इंचांचा हा गॅलन इंग्लंडमध्ये मद्य मोजण्याचे जुने माप होता आणि स्वातंत्र्यानंतरही अमेरिकेने तोच चालू ठेवला. बदलले ब्रिटनने: १८२४ च्या कायद्याने जुने गॅलन मोडीत काढले आणि दहा पौंड पाणी मावेल एवढा नवा गॅलन ठरवला. आज तो ४.५४६ लिटर धरतात. अमेरिकेतली गाडी गॅलनला ३० मैल जात असेल, तर तिचे अ‍ॅव्हरेज लिटरला सुमारे १२.८ किलोमीटर येते. साडेचारने भागले तर ते १०.७ वर घसरते आणि चांगल्या गाडीला विनाकारण बोल लागतो.

गॅलन लहान, म्हणजे अमेरिकी द्रव औंसही लहान असणार, हा तर्क सरळ वाटला तरी चुकीचा आहे. अमेरिकी गॅलनचे १२८ औंस होतात, ब्रिटिश गॅलनचे १६०. त्यामुळे अमेरिकी औंस २९.५७ मिलिलिटरचा, तर ब्रिटिश २८.४१ चा. पाइंटमध्ये मात्र अमेरिकेत १६ आणि ब्रिटनमध्ये २० औंस असल्याने पारडे पुन्हा फिरते: ४७३ विरुद्ध ५६८ मिलिलिटर.

औंस वजनाचाही असतो, २८.३५ ग्रॅमचा. पाण्याच्या बाबतीत ब्रिटिश द्रव औंस आणि हा औंस जवळपास जुळतात. मधाच्या बाबतीत नाही. तेवढाच मध सुमारे ४० ग्रॅम भरतो.

लिटर म्हणजे किलो, हा समजही याच जातीचा. त्याला आधार होता: १९०१ ते १९६४ या काळात लिटरची व्याख्याच एक किलो शुद्ध पाण्याने व्यापलेली जागा अशी होती. १९६४ पासून लिटर म्हणजे नेमके १००० घन सेंटिमीटर. त्यात काय भरले आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. एक लिटर दूध किलोपेक्षा सुमारे ३० ग्रॅम जास्त भरते, तर खाद्यतेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर वजन साधारण ९१० ग्रॅम छापलेले असते.